शत्रू देवी पसरवतोय अशी खबर होती. वॉशिंग्टन यांनी पुराव्याची वाट न बघता आपलं सैन्यच टोचून घेतलं

अमेरिकेच्या एक डॉलरच्या नोटेवर जॉर्ज वॉशिंग्टन यांचा चेहरा आहे. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष, इंग्रजांना हरवणारे सेनापती, एवढं शाळेच्या पुस्तकामुळे सगळ्यांना माहीत असतं. पण नोटेवरच्या चित्रात एक गोष्ट दिसत नाही. खऱ्या वॉशिंग्टन यांच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते.

देवी म्हणजे तोच आजार, ज्याच्या लसीचा गोल डाग आपल्या आजी-आजोबांच्या दंडावर दिसतो. अंगभर पुवाचे फोड यायचे. लागण झालेल्या दर दहा जणांपैकी साधारण तीन जण दगावायचे. जे वाचायचे त्यांच्या तोंडावर कायमचे व्रण राहायचे, काहींची दृष्टी जायची. पण एकदा देवी येऊन गेल्या की तो माणूस सहसा आयुष्यभरासाठी सुरक्षित व्हायचा.

आज जगातल्या मोठ्या देशांची सरकारं जैविक हल्ल्याची भीती धरून लशींचे साठे करतात, सैनिकांना टोचून ठेवतात, क्वारंटाइनचे आराखडे तयार ठेवतात. असाच प्रश्न सुमारे 250 वर्षांपूर्वी वॉशिंग्टन यांच्यासमोर आला होता. तेव्हा जंतू म्हणजे काय हेच कुणाला ठाऊक नव्हतं आणि आजच्यासारखी लसही नव्हती. तरी त्यांनी जो निर्णय घेतला, तो आजही अभ्यासला जातो.

एकोणिसाव्या वर्षी गाठलं देवीने

वॉशिंग्टन यांचा जन्म 22 फेब्रुवारी 1732 चा, व्हर्जिनियातला. तेव्हा व्हर्जिनिया ही इंग्रजांची वसाहत होती. जॉर्ज 11 वर्षांचे असताना वडील गेले. त्यानंतर सावत्र थोरले भाऊ लॉरेन्स हेच त्यांचा आधार होते. पण लॉरेन्स यांना क्षयाने धरलं. हवापालटासाठी 1751 मध्ये दोघे भाऊ जहाजाने कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोस बेटावर गेले.

तिथे ज्या घरी त्यांना जेवणाचं आमंत्रण होतं, त्या घरात देवीचा रुग्ण होता. जॉर्ज यांना जायचं मनात नव्हतं, पण ते गेले. साधारण दोन आठवड्यांनी, 17 नोव्हेंबरला त्यांना ताप भरला. रोज लिहिली जाणारी डायरी थांबली ती थेट 12 डिसेंबरलाच पुन्हा सुरू झाली. ते वाचले आणि घरी परतले. लॉरेन्स मात्र पुढच्याच वर्षी क्षयाने गेले.

या प्रवासाने जॉर्ज यांना दोन गोष्टी दिल्या. एक, देवीविरुद्धची आयुष्यभराची प्रतिकारशक्ती. दुसरी, हा आजार अंगात आल्यावर माणसाचं काय होतं, याचा स्वतःचा अनुभव. पुढे सेनापती झाल्यावर दोन्ही कामाला आल्या.

घोंगड्या आणि रुमाल

पुढची घटना वॉशिंग्टन यांच्या आयुष्यातली नाही, पण तिच्याशिवाय पुढची भीती समजत नाही.

1763 मध्ये अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. आजच्या पिट्सबर्ग शहराच्या जागी फोर्ट पिट नावाचा इंग्रजांचा किल्ला होता. त्याला वेढा पडला आणि आत देवीची साथ सुरू झाली. 24 जून 1763 ला डेलावेअर जमातीचे लोक बोलणी करायला आले. जाताना त्यांना भेट म्हणून दोन घोंगड्या आणि एक रुमाल देण्यात आला. या वस्तू किल्ल्यातल्या देवीच्या रुग्णांकडून आणलेल्या होत्या. विल्यम ट्रेंट नावाच्या व्यापाऱ्याने हे आपल्या डायरीत नोंदवून ठेवलं. थोड्याच दिवसांनी इंग्रजांचे सेनापती जेफ्री ॲमहर्स्ट यांनीही पत्रातून असाच उपाय सुचवला.

साथ त्या घोंगड्यांमुळेच पसरली का, यावर इतिहासकारांमध्ये वाद आहे, कारण त्या भागात देवी आधीपासून होती. पण हेतू कागदावर नोंदलेला आहे. म्हणजे आजार मुद्दाम पसरवण्याची कल्पना त्या काळातल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या डोक्यात येत होती. जैविक युद्धाच्या इतिहासात हे उदाहरण हमखास दिलं जातं.

बोस्टनचा वेढा आणि मासेमारीवर बंदी

1775 मध्ये अमेरिकन वसाहती आणि इंग्रज यांच्यात युद्ध पेटलं. जूनमध्ये वसाहतींच्या प्रतिनिधींनी, म्हणजे काँग्रेसने, वॉशिंग्टन यांना सरसेनापती नेमलं. 3 जुलैला त्यांनी बोस्टनजवळच्या केंब्रिजमध्ये सैन्याची सूत्रं हाती घेतली. बोस्टन शहरात इंग्रज फौज होती आणि बाहेरून अमेरिकन सैन्याचा वेढा.

शहरात देवीची साथ होती. यात इंग्रज सैनिकांना फारशी काळजी नव्हती, कारण इंग्लंडमध्ये देवी कायमच असायची आणि अनेकांना ती लहानपणीच येऊन गेलेली असायची. अमेरिकन सैन्यात मात्र खेड्यापाड्यांतले, शेतावरचे तरुण होते. त्यांच्यातल्या बहुतेकांनी देवी पाहिलीही नव्हती. एका छावणीत हजारो माणसं, सगळी असुरक्षित. एक रुग्ण आत शिरला की संपलं.

वॉशिंग्टन यांचं लक्ष किती बारीक होतं ते बघा. सूत्रं हाती घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी, 4 जुलैला त्यांनी हुकूम काढला की जवळच्या फ्रेश पाँड या तळ्यावर कुणीही मासे पकडायला किंवा इतर कशासाठी जायचं नाही. त्या बाजूला देवीचे रुग्ण ठेवलेले होते आणि तिथून आजार छावणीत यायची भीती होती. बोस्टनहून येणाऱ्या निर्वासितांनाही सैन्यापासून लांब ठेवलं गेलं.

हिवाळ्याच्या तोंडावर इंग्रज सेनापती विल्यम हाव यांनी शहरातल्या सुमारे 300 गरीब लोकांना बाहेर पाठवून दिलं. त्याच सुमारास, डिसेंबरच्या सुरुवातीला, इंग्रजांच्या गोटातून पळून आलेल्या लोकांनी खबर दिली की काही जणांना मुद्दाम देवी टोचून बाहेर सोडलं जाणार आहे, म्हणजे अमेरिकन सैन्यात साथ पसरेल.

वॉशिंग्टन यांचा आधी यावर विश्वास बसला नाही. शत्रू एवढ्या थराला जाईल असं त्यांना वाटत नव्हतं. पण आठवडाभरातच बाहेर आलेल्या काही लोकांच्या अंगावर देवी उठल्या. तेव्हा त्यांनी काँग्रेसला कळवलं की या खबरेत थोडंफार तथ्य मानावं लागेल.

हा हल्ला होता की नैसर्गिक साथ? साथीच्या शहरातून आलेल्या माणसाला मुद्दाम न टोचताही देवी येऊ शकते. त्यामुळे हे सिद्ध करण्याचा कुठलाच मार्ग वॉशिंग्टन यांच्या हाती नव्हता. पण त्यांना काय करायचं होतं, ते या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबूनच नव्हतं. दोन्ही परिस्थितीत रुग्ण शोधायचा, वेगळा काढायचा आणि छावणी वाचवायची. त्यांनी तेच केलं.

मार्च 1776 मध्ये इंग्रज बोस्टन सोडून गेले. विजयी सैन्याला शहरात घुसायची घाई होती. पण वॉशिंग्टन यांनी आधी साधारण 1,000 सैनिक आत पाठवले, तेही असे की ज्यांना देवी येऊन गेल्या होत्या.

कॅनडात अख्खी मोहीम बुडाली

बोस्टनजवळ जे टळलं, ते कॅनडात घडलं. अमेरिकन सैन्याची एक तुकडी क्वेबेक शहर घ्यायला गेली होती. 31 डिसेंबर 1775 चा हल्ला फसला आणि पाठोपाठ देवीने छावणी गाठली. हजारो सैनिक आजारी पडले. काही सैनिक घाबरून चोरून स्वतःला टोचून घेऊ लागले, त्यामुळे साथ आणखी वाढली.

या मोहिमेची जबाबदारी घ्यायला जनरल जॉन थॉमस यांना पाठवण्यात आलं. ते स्वतः डॉक्टर होते. त्यांनी टोचण्यावर बंदी घातली आणि 2 जून 1776 ला ते स्वतःच देवीने गेले. त्याच महिन्यात उरलेलं सैन्य कॅनडातून माघारी आलं.

टोचायचं की नाही?

इथे टोचणं म्हणजे काय ते समजून घ्यायला हवं, कारण ही आजची लस नव्हे. देवीच्या रुग्णाच्या फोडातला पू घ्यायचा, निरोगी माणसाच्या दंडावर बारीक चीर द्यायची आणि तो पू त्यात घालायचा. त्या माणसाला खरीखुरी देवीच यायची, पण बहुतेक वेळा सौम्य. भारतात, चीनमध्ये, आफ्रिकेत ही पद्धत आधीपासून होती. बोस्टनमध्ये ती पोहोचली ती ओनेसिमस नावाच्या एका आफ्रिकन गुलामामुळे. त्याने आपला मालक, धर्मगुरू कॉटन मॅदर, याला ही पद्धत सांगितली होती.

1721 मध्ये बोस्टनमध्ये मोठी साथ आली, तेव्हा तिचा कस लागला. शहरात सुमारे 6,000 लोकांना देवी आल्या आणि 844 जण दगावले. ज्या सुमारे 240 लोकांना टोचलं होतं, त्यातले 6 गेले. म्हणजे टोचणं फायद्याचं होतं, हे आकड्यांतून दिसत होतं.

मग अडचण काय? टोचलेला माणूस तीन-चार आठवडे आजारी असायचा आणि त्या काळात त्याच्यापासून दुसऱ्याला पूर्ण ताकदीची देवी होऊ शकायची. विलगीकरण नीट झालं नाही तर साथ तुम्हीच सुरू करणार. म्हणूनच काही वसाहतींनी टोचण्यावर बंदी किंवा कडक अटी घातल्या होत्या. शिवाय अर्धं सैन्य तापाने फणफणलेलं असताना शत्रूने हल्ला केला तर लढणार कोण?

या भीतीपोटी मे 1776 मध्ये वॉशिंग्टन यांनी कडक हुकूम काढला. कुठल्याही अधिकाऱ्याने स्वतःला टोचून घेतलं तर त्याला सैन्यातून हाकललं जाईल आणि देशद्रोही म्हणून त्याचं नाव वर्तमानपत्रात छापलं जाईल. गंमत म्हणजे त्याच महिन्यात त्यांच्या पत्नी मार्था यांनी फिलाडेल्फियात जाऊन टोचून घेतलं होतं आणि त्या सुखरूप बऱ्या झाल्या. म्हणजे टोचण्यावर त्यांचा विश्वास नव्हता असं नाही. एका माणसाला टोचणं सोपं होतं, पण युद्ध चालू असताना अख्खं सैन्य टोचणं हा वेगळाच खेळ होता.

मॉरिसटाउनचा निर्णय

1776 च्या उन्हाळ्यात स्वातंत्र्याची घोषणा झाली. पण शरद ऋतूत न्यूयॉर्क हातचं गेलं. डिसेंबर अखेरीस ट्रेंटन आणि जानेवारीत प्रिन्स्टन इथे मिळालेल्या विजयांनी सैन्य तगलं आणि न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउन गावी मुक्कामाला आलं. तेव्हा सैन्यात काही हजार माणसंच उरली होती आणि त्यांच्यात देवी पुन्हा डोकं वर काढत होती. वसंतात नवी भरती येणार होती. ती याच छावणीत आली असती तर क्वेबेकचीच गत झाली असती.

फेब्रुवारी 1777 च्या पहिल्या आठवड्यात वॉशिंग्टन यांनी आधीचा हुकूम फिरवला. सैन्याच्या वैद्यकीय विभागाचे डॉ. विल्यम शिपेन यांना त्यांनी कळवलं की ज्यांना देवी आलेली नाही, त्या सगळ्या सैनिकांना टोचा. त्यांचा हिशेब सरळ होता. साथ आपोआप पसरली तर ती शत्रूच्या फौजेपेक्षा जास्त माणसं खाईल.

अंमलबजावणी कशी करायची, हाच खरा प्रश्न होता. सगळ्यांना एकदम टोचायचं नाही, तुकड्या-तुकड्यांनी टोचायचं, असं ठरलं. दक्षिणेकडून येणाऱ्या भरतीला वाटेतच, फिलाडेल्फियात टोचायचं, म्हणजे छावणीत पोहोचेपर्यंत सैनिक बरा झालेला असेल. मॉरिसटाउनच्या आसपास चर्च आणि लोकांची घरं रुग्णालयं म्हणून वापरली गेली. टोचलेल्यांना इतरांपासून वेगळं ठेवलं गेलं. आणि हे सगळं गुपचूप. किती सैनिक अंथरुणाला खिळलेत हे जनरल हाव यांना कळलं असतं, तर त्यांनी हल्ल्याची संधी सोडली नसती.

हाव यांनी त्या आठवड्यांत मॉरिसटाउनवर हल्ला केला नाही. टोचलेले सैनिक बरे होऊन कामावर परतले. पुढच्या हिवाळ्यात व्हॅली फोर्जच्या छावणीत मोजणी केली, तेव्हा तीन ते चार हजार सैनिक अजून टोचायचे राहिलेले निघाले. थंडी, उपासमार, फाटके बूट अशा अवस्थेतही ते काम पूर्ण करण्यात आलं. त्यानंतर देवी हा अमेरिकन सैन्याचा मोठा शत्रू राहिला नाही. सरकारी हुकमाने अख्ख्या सैन्याला टोचण्याची अमेरिकेतली ही पहिलीच वेळ.

ज्यांना कुणी टोचलं नाही

सैन्य वाचलं, पण देश वाचला असं मात्र नाही. 1775 ते 1782 या काळात उत्तर अमेरिकेत देवीने 1 लाख 30 हजारांहून जास्त माणसं मारली, असा इतिहासकार एलिझाबेथ फेन यांचा अंदाज आहे. यात मूळ रहिवाशांची संख्या प्रचंड होती. त्यांच्यासाठी कुठलंही सरकार टोचणीची मोहीम काढत नव्हतं.

दुसरे होते कृष्णवर्णीय गुलाम. इंग्रजांकडे आलात तर स्वातंत्र्य मिळेल, या आशेने हजारो गुलाम पळून इंग्रजांच्या छावणीत गेले होते. त्यात वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन इथल्या मळ्यातलेही काही होते. हो, वॉशिंग्टन स्वतः आयुष्यभर गुलामांचे मालक होते. इंग्रजांच्या छावणीत या लोकांमध्ये देवी पसरली. जुलै 1781 मध्ये इंग्रज जनरल अलेक्झांडर लेस्ली यांनी वरिष्ठ अधिकारी कॉर्नवॉलिस यांना पत्र लिहिलं. देवी झालेल्या 700 हून जास्त कृष्णवर्णीयांना बंडखोरांच्या मळ्यांमध्ये वाटून टाकणार असल्याचं त्यात कळवलं होतं. त्या वर्षी यॉर्कटाउनच्या वेढ्यात अन्न कमी पडू लागलं, तेव्हा आजारी कृष्णवर्णीयांना छावणीबाहेर हाकलण्यात आलं. अनेक जण जंगलात, रस्त्याच्या कडेला मेले.

वॉशिंग्टन यांचं सैन्य मात्र या वेढ्यात देवीने कोलमडलं नाही. 19 ऑक्टोबर 1781 ला कॉर्नवॉलिस शरण आले आणि युद्धाचा निकाल लागला. विजयात फ्रेंच फौजेचा आणि आरमाराचा वाटा मोठा होता, पण चार वर्षांपूर्वी घेतलेला तो निर्णयही कामी आला.

राष्ट्राध्यक्ष झाल्यावर पुन्हा साथ

1789 मध्ये वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाले. 1793 मध्ये तेव्हाची राजधानी फिलाडेल्फिया पिवळ्या तापाने हादरली. सुमारे 50 हजार वस्तीच्या शहरात 5,000 च्या आसपास माणसं गेली. वॉशिंग्टन सप्टेंबरमध्ये माउंट व्हर्ननला निघून गेले, सरकारी कचेऱ्या ओस पडल्या. तेव्हा एक कायदेशीर पेच समोर आला. राजधानीत साथ असेल तर संसदेची बैठक दुसऱ्या शहरात बोलवायचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना आहे का?

यावर एप्रिल 1794 मध्ये कायदा झाला आणि तो अधिकार मिळाला. मे 1796 मध्ये वॉशिंग्टन यांच्याच सहीने आणखी एक कायदा आला. बंदरांवर राज्यांनी लावलेले क्वारंटाइनचे नियम पाळले जावेत, यासाठी केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यांनी आणि किल्ल्यांवरच्या सैन्याने मदत करायची, अशी ती तरतूद होती. साथीच्या काळात सरकार कसं चालवायचं आणि कोणाचे हात कुठवर पोहोचतात, हे संकट यायच्या आधी कायद्यात लिहून ठेवण्याची ही सुरुवात होती.

त्याच मे 1796 मध्ये इंग्लंडमध्ये एडवर्ड जेनर यांनी गाईच्या देवीपासून पहिली लस टोचली. ही पद्धत फार सुरक्षित होती आणि टोचलेल्या माणसापासून देवी पसरायची भीती नव्हती. 14 डिसेंबर 1799 ला, वयाच्या 67 व्या वर्षी घशाच्या आजाराने वॉशिंग्टन गेले. पुढच्याच वर्षी ही लस अमेरिकेत पोहोचली. आणि 1802 च्या जूनमध्ये मुंबईत ॲना डस्थॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली, भारतातली पहिलीच.

आजार संपला, भीती उरली

1980 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगातून देवी हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. टोचणं थांबलं. पण विषाणूचे नमुने अमेरिका आणि रशिया या दोन देशांच्या प्रयोगशाळांमध्ये अजूनही आहेत. आणि टोचणं थांबल्यामुळे आजच्या तरुण पिढीची अवस्था 1775 च्या त्या शेतकरी पोरांसारखी आहे. कुणालाच प्रतिकारशक्ती नाही.

2001 मध्ये अमेरिकेत अँथ्रॅक्सचे जंतू भरलेली पाकिटं टपालाने पाठवली गेली आणि 5 जणांचा जीव गेला. त्यानंतर अमेरिकी सरकारने देवीच्या लशीचा साठा वाढवला. डिसेंबर 2002 मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी सैनिकांना पुन्हा देवीची लस टोचण्याची मोहीम जाहीर केली आणि स्वतःही टोचून घेतली. आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी सुमारे 5 लाख जणांना टोचायचा विचार होता, पण प्रत्यक्षात 40 हजारांच्या आसपास लोकच पुढे आले. दुष्परिणामांची भीती होती आणि हल्ला होईलच याची खात्री कुणालाच नव्हती.

टोचण्याचा धोका आज समोर दिसतो आणि हल्ला कधी होईल, होईल की नाही, हे सांगता येत नाही. वॉशिंग्टन हेच कोडं सोडवत बसले होते. त्यात त्यांनी एक वर्ष घालवलं, उलटा हुकूमही काढला आणि त्या वर्षात कॅनडाची मोहीम बुडाली. शेवटी त्यांनी शत्रूचा हेतू काय, हा प्रश्न बाजूला ठेवला आणि आपली माणसं किती असुरक्षित आहेत, एवढंच मोजलं. साथ मुद्दाम आणलेली असो की आपोआप आलेली, जे सैन्य आधी टोचून तयार होतं, ते यॉर्कटाउनपर्यंत पोहोचलं.